एक पिंप मुलांच्या हवाली

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना पाण्याशी खेळू द्या, असं चारचौघांत म्हणायला आमच्या जळगाव जिल्ह्यात धीर लागतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. जळगाव शहराला वाघूर धरणाचं पाणी मिळतं, तेही रोज नाही. रावेर-यावल या केळीच्या तालुक्यांत भूजलाचा अतोनात उपसा झालाय आणि नवी बोअर जुनीपेक्षा खोलच घ्यावी लागते. अशा मुलखात कुणी पाण्याच्या खेळाची बाजू घेतली की ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते.

ती आठी मला समजते. सावदा-फैजपूर पट्ट्यात ठिबकचं सामान विकण्यात माझी हयात गेली. पाणी मोजून, मुळाशी, लागेल तेवढंच देणं हा माझा धंदा आहे. त्याच अनुभवावरून सांगतो की, मुलांना पाण्यापासून लांब ठेवून पाण्याची किंमत कळत नाही. पाणी मोजून त्यांच्या हाती द्यावं आणि त्याच्याशी खेळायचं साधन त्यांनी आपल्या हातांनी बनवावं. दोनशे लिटरचं एक पिंप त्याला पुरतं.

सध्या काय चाललंय ते पाहा. घरी नळाला हात लावला की ओरडा बसतो. मग सुट्टीतला एक दिवस काढून, गाडी करून, माणशी तिकीट काढून वॉटर पार्कला जायचं. तिथं पाणी कुठून आलं, किती लागलं आणि कुठं गेलं, यातलं काहीच मुलांना दिसत नाही. पैसे दिले की पाणी हवं तेवढं मिळतं, एवढंच डोक्यात बसतं. ज्यांना ते तिकीट परवडत नाही, त्यांच्या वाट्याला नुसती मनाई येते. मनाईला कंटाळलेली मुलं भर दुपारी, मोठी माणसं डोळा लागून पडली की, कॅनॉलवर, विहिरीवर नाहीतर शेततळ्यावर जातात. शेततळ्याच्या प्लॅस्टिकच्या अस्तरावर शेवाळ धरतं, उतारावर पाय ठरत नाही, आत पडलेल्याला पोहता येत असलं तरी वर चढता येत नाही. दर उन्हाळ्यात पेपरात येणाऱ्या त्या बातम्या वाचून मी अस्वस्थ होतो. पाण्याची ओढ दटावून जात नाही. तिला घराजवळ, नजरेसमोर, गुडघ्याच्या खाली वाट करून द्यावी लागते.

आमच्या लहानपणी ही वाट शेतातच होती. मोटेचं पाणी थारोळ्यात पडायचं, तिथून पाटानं दांडात आणि दांडातून वाफ्यात जायचं. वडील मोट हाकायचे आणि दारं धरायला आम्हाला पाठवायचे. वाफा भरला की मातीचा बांध घालून पाणी अडवायचं आणि पुढच्या वाफ्याचं तोंड फोडायचं. पाय चिखलात, डोक्यावर ऊन, समोर आपण वळवू तिकडं वळणारं पाणी. काम आणि खेळ यांत फरक नव्हता. उशीर केला तर वाफा फुटायचा, घाई केली तर रोपं कोरडी राहायची, आणि दोन्ही चुका डोळ्यांसमोर दिसायच्या. पाण्याला उतार लागतो, त्याला वळवता येतं पण दामटता येत नाही, हे आम्ही तिथं शिकलो. पुढं मोटर आली. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात भवरलाल जैन यांच्या कारखान्यामुळे जळगाव ठिबकचं गाव झालं आणि पाणी पाटातून नळीत गेलं. ते फार चांगलं झालं, त्याशिवाय आमची केळी जगली नसती. मात्र नळीतलं पाणी मुलांच्या नजरेआड झालं. ते पुन्हा उघड्यावर आणण्यासाठी आता वेगळा उपाय करावा लागणार.

उपाय अगदी साधा आहे. विटांचा कमरेएवढा भक्कम चौथरा. भक्कम म्हणतो, कारण दोनशे लिटर पाण्याचं वजन दोनशे किलो भरतं, टेबल-खुर्चीवर ते पेलत नाही. त्यावर झाकणाचं पिंप. बुडाशी कॉक, आणि कॉकला सोळा मिलिमीटरची ठिबकची नळी, शेवटाला दुमडून बांधलेली. परसात जुनी खाट उभी करून तिच्या चौकटीवरून ही नळी फिरवायची आणि तिला दोन-दोन मिलिमीटरची भोकं पाडायची. झाला फवारा. दाब इतका कमी असतो की सांध्यांना चिकटवायचं सोल्युशनही लागत नाही, नुसते दाबून बसवले तरी चालतात. त्यामुळे मुलं रोज सगळं उलगडून नव्यानं जोडू शकतात, आणि खरी गंमत त्यातच आहे.

माझ्या परसात नातवंडं आणि गल्लीतली पोरं मिळून हे करतात. पहिल्यांदा त्यांनी उत्साहानं नळीची चाळण केली, तीसेक भोकं पाडली. कॉक उघडला, सगळे ओले झाले, आरडाओरडा झाला. वीस-पंचवीस मिनिटांत धारा मान टाकायला लागल्या. पिंपात डोकावून एक जण ओरडला, "आबा, पाणी संपून राह्यलं!" दुसरं पिंप मिळणार नाही, हे आधीच ठरलेलं होतं. मी काही बोललो नाही. थोडा वेळ भांडणं झाली. मग आठवीतली एक मुलगी निंबाच्या काड्या तोडून आणून भोकांत खोचायला लागली. एक सोडून एक भोक बुजवलं, आणखी थोडी बुजवली. दुसऱ्या दिवशी पिंप भरून कॉक उघडला, तर उरलेल्या धारा कालच्यापेक्षा उंच उडाल्या.

तिथं पोरं पहिल्यांदा गप्प झाली. भोकं कमी केली आणि पाणी जास्त उडालं, हे कसं? नळीतून एकदम खूप पाणी धावलं की ते नळीच्या आतल्या अंगाला घासत येतं आणि त्यातच बराचसा दाब खर्च होतो. भोकं कमी झाली की पाणी संथ येतं, दाब टिकतो आणि धार उंच जाते. शेतात लांब नळीच्या शेवटच्या झाडाला पाणी कमी का पोचतं, याचंही हेच कारण. हे मी शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं सांगत आलोय. त्या पोरांना सांगावं लागलं नाही. त्यांनी एका धारेखाली लिटरची बाटली धरली, ती सुमारे दोन मिनिटांत भरली. म्हणजे एका भोकातून मिनिटाला अर्धा लिटर. दहा भोकं, तर मिनिटाला पाच लिटर आणि पिंप चाळीस मिनिटं. मग कुणीतरी खाली टोपली-घमेली मांडून पडणारं पाणी गोळा करायला लागलं आणि मगानं पुन्हा पिंपात ओतायला लागलं. खेळ तासाच्या पुढं गेला. काटकसर करा, असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. पाणी संपताना दिसलं, एवढंच झालं होतं.

दुकानातला मायक्रो स्प्रिंकलर लावून पाहू, असंही त्यांच्या मनात आलं. लावला, पण तो फिरेना. त्याला किलोभर तरी दाब लागतो, आणि मीटरभर उंचीवरचं पाणी जेमतेम त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका दाब देतं. किलोभर दाबासाठी पिंप दहा मीटर उंच न्यावं लागेल, असं मी सांगितलं. त्यावर तीच मुलगी म्हणाली, "म्हणून गावाची टाकी एवढी उंच आहे का?" पाणीपुरवठ्याच्या टाकीखालून ती रोज शाळेत जाते. तिचा प्रश्न ऐकून मला झालेला आनंद मी सांगू शकत नाही.

दाब नसला तरी फवारा होतो. पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवली आणि शिकवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांत सरबताच्या नळीचा एक फवारा आहे. नळीच्या मधोमध झाडूची काडी आरपार घालायची, काडीच्या दोन्ही बाजूंना नळीला अर्धवट काप देऊन ती त्रिकोणात वाकवायची, टोकं काडीपाशी बांधायची आणि त्रिकोणाचं निमुळतं टोक पाण्यात बुडवून काडी दोन्ही तळव्यांत घुसळायची. गरगर फिरताना पाणी बाहेर फेकलं जातं आणि खालचं पाणी त्याची जागा घ्यायला आपोआप वर चढतं. शेतातला सेंट्रिफ्युगल पंप याच तत्त्वावर चालतो. पाच मिनिटांत तयार होणारं हे खेळणं फुकटात पंप शिकवतं.

केळीच्या पट्ट्यात तर साहित्याला तोटाच नाही. घड कापल्यावर उभ्या राहिलेल्या खोडाची सोपटं सोलून काढली की हातभर लांबीच्या आयत्या पन्हळी मिळतात. कुंपणाला, खिडकीच्या गजांना, निंबाच्या फांदीला त्या सुतळीनं तिरप्या बांधायच्या, एकीतलं पाणी दुसरीत पडेल अशा. शेवटच्या पन्हळीखाली जुन्या सायकलचं चाक आसासकट टेकवायचं आणि त्याच्या रिमला पाण्याच्या बाटल्यांची कापलेली बुडं बांधायची. पाणी बुडांत पडतं, वजनानं चाक फिरतं, आणि मोटरशिवाय रहाट चालू होतो. एक सांगून ठेवतो, सोपटाचा चीक कपड्याला लागला तर डाग जन्मभर जात नाही. जुनेच कपडे घाला. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा, भोक पाडलेली एंड कॅप आणि चिंधी गुंडाळलेली काठी एवढ्यात पिचकारी होते. ओली झाली की चिंधी फुगते आणि पाइपात घट्ट बसते. बाजारातली रंगीत पिचकारी पंचमीनंतर तुटून पडते. ही तुटली तर पोरंच दुरुस्त करतात.

आता पाण्याच्या नासाडीचा आक्षेप. तो मी टाळणार नाही. शहरी माणसासाठी दिवसाला १३५ लिटर आणि जलजीवन मिशनमध्ये गावच्या माणसासाठी ५५ लिटर, अशी आपल्याकडची मापं आहेत. त्यासमोर दोनशे लिटर कमी नाहीत. पण ते आठ-दहा मुलांत वाटले जातात आणि ते वाया जात नाहीत. उन्हाळ्यात ठिबकवरच्या एका केळीला दिवसाला पंधरा-वीस लिटर लागतात. म्हणजे हे पिंप दहा-बारा केळींचं एका दिवसाचं पाणी आहे. खेळ झाडांच्या आळ्यांत मांडला की ते पाणी आपोआप तिथंच जातं, झाडांना तसंही ते द्यायचंच होतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी खाली टपात जमवलेल्या पाण्यानं जिना धुवावा, संडासात टाकावं. सोसायटीच्या आवारात उघडी नळी धरून गाडी धुणारा माणूस मिनिटाला दहा-पंधरा लिटर सोडतो आणि पंधरा मिनिटांत आमचं पिंप रिकामं करतो. त्याच्याकडे कुणी बोट दाखवत नाही. मुलं ओली दिसली की मात्र सगळ्यांना पाणीटंचाई आठवते. ही रीत बरोबर नाही.

टंचाई खरी असते तिथं माझं म्हणणं वेगळं आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. ज्या गावात टँकरची वाट पाहावी लागते, तिथं पिंप मांडू नये. तिथं एक बादली पुरे. चौघांत एक बादली, दोन पन्हळी, एक पिचकारी, आणि शेवटचा थेंब झाडाला. बादली छोटी असली की तिच्याकडं मुलं जास्त लक्ष देतात. पण टँकरच्या गावातल्या मुलाला खेळच नको, हे मला मान्य नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात, जो भारतानं १९९२ मध्ये स्वीकारला, एकतिसावं कलम खेळण्याच्या हक्काचं आहे. त्यात पाऊसमानाची अट नाही.

काही गोष्टींत मात्र कसलीही सवलत देऊ नका. कीटकनाशकाचा, तणनाशकाचा डबा किंवा पिंप कितीही वेळा धुतलेलं असो, मुलांच्या खेळात आणू नका. शेतातून काढलेल्या ठिबकच्या जुन्या नळ्याही नकोत. त्यांतून खतं गेलेली असतात, नळ्या साफ करायला आम्लही सोडलेलं असतं. नवे तुकडे घ्या. नळी काळी असते, उन्हात पडून राहिली की आतलं पाणी पोळण्याइतकं तापतं. कॉक उघडल्यावर पहिलं पाणी आळ्यात जाऊ द्या, मग मुलांना पुढं येऊ द्या. विजेची मोटर ओल्या मुलांच्या आसपासही नको, उंची आणि हात एवढ्यावरच सगळं चालवा. पाइप कापल्यावर कडा पॉलिश पेपरनं घासा. खेळ सकाळी किंवा ऊन कलल्यावर, दुपारी नाही. लहान मूल वीतभर पाण्यातही गुदमरू शकतं, म्हणून पिंपाला झाकण, टपात पाणी कमी आणि मोठं माणूस हाताच्या अंतरावर. मोबाइल बघत बसलेलं माणूस त्यात धरायचं नाही. आठवड्यातून एकदा पिंप पालथं घालून घासून कोरडं करा. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो, आणि उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. ही सगळी कामंही मुलांच्याच यादीत घाला. खेळाचं साधन सांभाळणं हा खेळाचाच भाग आहे.

एक गोष्ट मला मनापासून लागते. आमच्या भागात पाण्याशी मुलींचं नातं कामाचं असतं. हंडा त्यांनी आणायचा, नळ आला की झोपेतून त्यांनी उठायचं, भांडी त्यांनी घासायची. खेळायची वेळ आली की पिचकारी भावाच्या हातात. दुकानात पाइप घ्यायला बाप मुलाला घेऊन येतो, मुलीला आणत नाही. पाण्याचा सर्वांत जास्त भार जी उचलते, तिला पाण्याची मौज आणि पाण्याची विद्या सर्वांत कमी मिळते. म्हणून माझ्या परसात नियम आहे की पाइप कापायचं हॅक्सॉ ब्लेड आधी मुलींच्या हाती जाईल. काड्या खोचून धार उंच करणारी ती आठवीतली मुलगी घरी रोज पहाटे पाणी भरते. ती उद्या पाणीपुरवठ्याची इंजिनिअर व्हावी अशी माझी फार इच्छा आहे, आणि नाही झाली तरी नळीतल्या दाबाचं कोडं तिनं आपल्या हातानं सोडवलंय, ते तिचंच राहील.

हे काही मी नव्यानं शोधलेलं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला माँटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवली आणि आसपासच्या बिया, पानं, शंख-शिंपल्यांवर बालशिक्षण उभं केलं. अंगणात भरणाऱ्या त्यांच्या बालवाडीवरूनच अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. आज राज्यात गावोगाव अंगणवाड्या आहेत. त्यांच्या अंगणात उन्हाळ्यात एक बादली, चार पन्हळी आणि एक चाक मांडायला निधी लागत नाही, परिपत्रकही लागत नाही.

म्हणून माझं मागणं नेमकं आहे. घराला परस असेल तर या सुट्टीत एक पिंप मुलांच्या हवाली करा, आणि पाणी किती ते पहिल्याच दिवशी ठरवून द्या. हाऊसिंग सोसायट्यांनी बागेला द्यायच्या पाण्यातलं एक पिंप मुलांच्या खेळातून बागेत जाऊ द्यावं. ग्रामपंचायतींनी शाळेच्या कुंपणालगतच्या झाडांपाशी तेच करावं. शाळांनी सुट्टीच्या अभ्यासात दहा गणितं कमी देऊन एका भोकातून मिनिटाला किती पाणी येतं, हे मोजून आणायला सांगावं. आणि माझ्या धंद्यातल्या भावांनो, आपल्या दुकानात रोज हात-दीड हाताचे तुकडे उरतात, ते भंगारात किलोवर जातात. मी ते एका पोत्यात साठवतो आणि मागायला आलेल्या मुलाला फुकट देतो. तुम्हीही एक पोतं दाराशी ठेवा. पाच वर्षांनी हीच मुलं शेतासाठी नळी घ्यायला येतील, तेव्हा किती लांबीला किती दाब लागतो, हे त्यांना समजावून सांगावं लागणार नाही.